पांढरी वाळू संध्याकाळी तपकिरी का होते? समुद्री टाकीतील नकोशा वाढीची ओळख आणि उपाय

समुद्री मत्स्यालय बाळगणाऱ्याच्या घरी पाहुणा आला की मासे पाहून झाल्यावर त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पाणी तर एवढे नितळ आहे, मग खाली वाळूवर हे काय साचले आहे?" पाहुण्याला ती घाण वाटते, मालकाला ते शेवाळ वाटते आणि बहुतेक वेळा दोघेही चुकलेले असतात. सकाळी दिवे लागण्यापूर्वी पांढरी दिसणारी वाळू दुपारनंतर तपकिरी होते, संध्याकाळी त्या थरावर हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात आणि दिवे मालवल्यावर दोन-तीन तासांनी विजेरी मारून पाहावे तर थराचा बराचसा भाग नाहीसा झालेला असतो. घासून, पुसून, पाणी बदलून तो जात नाही. उलट जितकी साफसफाई करावी तितका तो फोफावतो. याच थराला कंटाळून टाकी विकायला काढणारे मी अनेक पाहिले आहेत आणि एका उन्हाळ्यात मीही त्याच विचारापर्यंत आलो होतो.

या गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. टाकीत जे काही नको ते उगवते त्याला आपण सरसकट "शेवाळ" म्हणतो. प्रत्यक्षात त्यात वनस्पतींचे नातलग असतात, जिवाणू असतात, स्वतः पोहणारे एकपेशीय जीव असतात आणि काही वेळा चक्क प्राणीही असतात. एकाला मारणारा उपाय दुसऱ्याला पोसतो. म्हणून आधी ओळख पटवावी लागते आणि उपायाचा विचार त्यानंतर येतो.

नांगरलेले रान मोकळे राहत नाही

समुद्री टाकी म्हणजे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले, २५ ते २६ अंशांवर राखलेले पाणी आणि त्यात खडक, वाळू, मासे आणि प्रवाळ. येथे एक खुलासा लगेच करणे भाग आहे. आपल्याकडे सर्व दगडी, म्हणजे चुनखडीचा सांगाडा बांधणारे, प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढून आणलेला असा तुकडा घरी ठेवणे हा गुन्हा आहे, दुकानदार काहीही सांगो. त्यामुळे या लेखात घरच्या टाकीतील प्रवाळ म्हणजे मऊ अंगाचे, झोअँथिड किंवा मश्रूम यांसारखे प्रवाळ समजावेत.

खऱ्या प्रवाळभित्तीवर बोटभर जागाही रिकामी नसते. जेथे प्रवाळ नाही तेथे स्पंज असतो, स्पंज नसेल तेथे गुलाबी कवचासारखे शेवाळ असते आणि तेही नसेल तेथे जिवाणूंचा पातळ थर असतो. नव्या टाकीत मात्र कोरडा, निर्जीव खडक आणि धुतलेली वाळू असते. वर आठ-नऊ तास झगझगीत उजेड असतो आणि पाण्यात खत असते. मृगापूर्वी नांगरून ठेवलेल्या रानात आपण काही पेरले नाही तर काय होते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. टाकीचेही तसेच असते. प्रश्न एवढाच असतो की कोणते तण आधी पोहोचते.

हे खत येते माशांच्या खाण्यातून. मासा खातो, त्याच्या उत्सर्गातून अमोनिया निघतो, खडकातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. अन्नातला फॉस्फरस फॉस्फेटच्या रूपाने पाण्यात उतरतो. नायट्रेट आणि फॉस्फेट ही या लेखातील दोन महत्त्वाची नावे. पुढे दोहोंना मिळून "खत" म्हटले आहे.

या दोहोंत फॉस्फेटची मात्रा क्षुल्लक दिसते आणि तेथेच माणूस फसतो. अल्फ्रेड रेडफील्ड या अमेरिकी सागरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात समुद्रातील तरंगत्या सूक्ष्म जीवांच्या शरीरातील घटकांचे प्रमाण मांडले. पुढे ते कार्बन १०६, नायट्रोजन १६ आणि फॉस्फरस १ असे रूढ झाले. म्हणजे फॉस्फरसचा एक अणू मिळाला की कार्बनच्या शंभराहून अधिक अणूंची शरीरे उभी राहू शकतात. लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा फॉस्फेट ऐकायला काहीच वाटत नाही, पण विरजणाच्या थेंबाने पातेलेभर दूध लागते हे लक्षात ठेवले तर आकड्याकडे बघण्याची दृष्टी बदलते.

रंगावर जाऊ नये

ओळख पटवताना रंग हा सर्वांत फसवा पुरावा असतो. तपकिरी दिसणारे चार वेगवेगळे जीव मी एकाच टाकीत पाहिले आहेत. त्यापेक्षा हाताला काय लागते, थर कसा निघतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळी तो वाढतो, याची नोंद ठेवावी.

टाकी नवी असेल, पहिल्या दोन-तीन महिन्यांत असेल आणि वाळूवर, काचेवर तपकीर भुरभुरल्यासारखी धूळ बसली असेल तर ते बहुधा डायटम असतात. बोट फिरवले की त्यांचा ढग उडतो, तंतू निघत नाहीत. हे एकपेशीय जीव आपले कवच सिलिकेचे, म्हणजे काच ज्यापासून बनते त्याच पदार्थाचे बनवतात आणि ती सिलिका त्यांना पाण्यातून मिळते. दख्खनच्या काळ्या कातळातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात ती बऱ्यापैकी असते. घरच्या आरओ यंत्राचे पाणी वापरतो म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी: पिण्याच्या बहुतेक यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळणारी सोय असते, त्यामुळे विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पन्नास-साठ दाखवतो. समुद्री टाकीसाठी तो आकडा शून्याजवळ हवा, आणि त्यासाठी आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी जोडावी लागते. बाष्पीभवनाने फक्त पाणी उडते, बाकी सारे मागे राहते; रोज भर घातलेल्या पाण्यातील अशुद्धी त्यामुळे आटवलेल्या दुधासारखी दाट होत जाते. डायटमसाठी याहून वेगळा उपाय करू नये. सिलिका संपली की ते आपोआप ओसरतात.

दुधावरची साय चमच्याने जशी अखंड उचलली जाते तसा थर निघत असेल, तो किरमिजी, जांभळट किंवा काळपट हिरवा असेल आणि पाणी जेथे संथ असते त्या कोपऱ्यांत आधी धरत असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया होत. नाव सांगते त्याप्रमाणे हे जिवाणू आहेत, शेवाळ नव्हे, आणि वयाने आपल्या सर्वांचे पूर्वज शोभावेत इतके जुने आहेत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच कर्तृत्वामुळे. त्यांच्यातील काही जाती पाण्यात विरघळलेल्या साध्या नायट्रोजन वायूपासून स्वतःचे खत तयार करतात. म्हणून नायट्रेट संपलेले आणि फॉस्फेट शिल्लक असलेले पाणी त्यांना विशेष मानवते: इतर सारे उपाशी, हे मात्र जेवलेले. नळीने थर ओढून काढणे, पंपाचा झोत त्या कोपऱ्याकडे वळवणे, वाळूत रुतलेले अन्नाचे कण काढणे आणि नायट्रेट थोडे वर आणणे एवढ्यावर बहुतेक वेळा भागते, फक्त तीन-चार आठवडे धीर धरावा लागतो.

हिरवे, ओल्या केसांसारखे लोंबणारे आणि चिमटीत धरून ओढले तर तुटून हातात येणारे ते केसाळ शेवाळ. खऱ्या अर्थाने शेवाळ म्हणावे असे हेच, आणि स्वच्छतेचा नेहमीचा उपदेश याच्यापुरता बरोबर आहे. अन्न कमी करावे, फॉस्फेट शोषणारे गंजाच्या रंगाचे दाणे वापरावेत, आणि मुख्य म्हणजे जुन्या दात घासायच्या ब्रशने खडक टाकीबाहेर घासून काढावा. टाकीच्या आत घासू नये, कारण तुटलेला प्रत्येक धागा दुसरीकडे जाऊन रुजतो.

त्याच केसांकडे भिंगातून पाहिल्यावर प्रत्येक धाग्याला दोन्ही बाजूंनी पिसासारख्या फांद्या दिसल्या तर ते ब्रायॉप्सिस आहे आणि वरचे उपाय पुरे पडणार नाहीत. चकचकीत हिरवे मणी दिसले तर तो व्हॅलोनिया. तो मणी, कितीही मोठा असला तरी, एकच पेशी असते आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पेशींमध्ये ती सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. तो न फोडता मुळासकट सुटा करून उचलावा. खडकावर चढलेला गुलाबी-जांभळा कठीण थर मात्र कोणी खरवडू नये. ते चुनखडीचे शेवाळ आपल्या बाजूचे आहे, कारण त्याने व्यापलेल्या जागेवर तण सहसा येत नाही.

अति स्वच्छतेची शिक्षा

आता सुरुवातीला वर्णन केलेल्या थराकडे वळतो. त्याचे नाव डायनोफ्लॅजेलेट. हे एकपेशीय जीव असून दोन चाबकांसारख्या शेपट्यांनी ते पोहतात. गंमत अशी की प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला बहुतांश अन्न पुरवणारे झूक्सॅन्थेली नावाचे सोबती हेही डायनोफ्लॅजेलेटच. हिवाळ्याच्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, त्या चमकवणारा नॉक्टिल्युका हाही त्यांचाच भाऊबंद. घराणे एक, गुण वेगळे. टाकीत उपद्रव देणारे प्रामुख्याने ऑस्ट्रिऑप्सिस, अ‍ॅम्फिडिनियम, प्रोरोसेन्ट्रम आणि कूलिया या वंशांतले असतात.

माझ्या दोनशे लिटरच्या टाकीत ते कसे आले हे सांगण्यासारखे आहे, कारण दोष सर्वस्वी माझा होता. काचेवर थोडे हिरवे दिसू लागले म्हणून मी फॉस्फेट शोषणारे दाणे दुप्पट केले, मासे अर्धपोटी ठेवले आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलू लागलो. महिन्याभरात नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. चाचणीच्या नोंदीचा तो कागद मी अभिमानाने जपून ठेवला होता. त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात वाळूवर शेंबडासारखे तपकिरी तंतू आले, प्रत्येक तंतूच्या टोकाला एक बुडबुडा. आणि काचेवर चरणारे टर्बो जातीचे शंख एकामागून एक सुटून वाळूवर उताणे पडू लागले. सहांपैकी चार गेले. ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती पॅलिटॉक्सिन या जहाल विषाच्या जवळची विषे बनवतात आणि तो थर चरणारे शंख त्याला बळी पडतात, हे मला नंतर कळले. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतील जेनोवा येथे समुद्रातच याची दाट वाढ झाली आणि लाटांच्या तुषारांतून आलेल्या कणांमुळे किनाऱ्यावरच्या सुमारे दोनशे लोकांना ताप आणि श्वसनाचा त्रास झाला. तेव्हा या थरात हात घालताना हातमोजे घालावेत, हा सल्ला अतिशयोक्त नाही.

ओळख पटवण्याची घरगुती रीत सोपी आहे. सुई नसलेल्या सिरिंजने थोडा थर ओढून छोट्या बाटलीत घ्यावा आणि तंतू पूर्ण विरघळल्यासारखे होईपर्यंत जोराने हलवावे. ते पाणी कॉफी गाळण्याच्या कागदातून गाळून काचेच्या पेल्यात घ्यावे आणि दिव्याखाली ठेवावे. तासाभरात त्या नितळ पाण्यात पुन्हा तंतू जुळून आले तर शंका उरत नाही. एकमेकांना शोधून पुन्हा एकत्र येणे डायटमना किंवा सायनोबॅक्टेरियांना इतक्या लवकर जमत नाही.

त्यांच्यातील वंश ओळखायचा तर साधा शालेय सूक्ष्मदर्शक लागतो. चारशे पट मोठे दाखवणारा पुरतो. एका टोकाला निमुळता, थेट तिळाच्या आकाराचा जीव त्या टोकाभोवती भोवऱ्यासारखा गरगरत असेल तर तो ऑस्ट्रिऑप्सिस. लंबगोल आणि शांतपणे सरपटणारा, वाळूच्या कणांत घुसणारा असेल तर अ‍ॅम्फिडिनियम. हा फरक केवळ अभ्यासाचा नाही. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, त्यामुळे अतिनील दिव्याच्या नळीतून टाकीचे पाणी रात्रभर फिरवले तर तो आयताच सापडतो. छंदिष्टांचा ठोकताळा दर दहा-बारा लिटरमागे एक वॅट असा आहे, आणि नळी खालच्या सम्पला, म्हणजे गाळणीच्या जोडटाकीला, न जोडता मुख्य टाकीलाच जोडावी. अ‍ॅम्फिडिनियम वाळू सोडतच नाही; त्याच्यावर त्या दिव्याचा पैसा वाया जातो.

पण दिवा हा अर्धाच उपाय आहे. खत शून्यावर गेल्याने इतर सारे जीव उपाशी मेले आणि मोकळ्या रानात हा एक शिरला, हे कारण तसेच राहिले तर तो परत येणार. म्हणून येथे स्वच्छतेच्या नेमके उलट वागावे लागते: फॉस्फेटचे दाणे काढून टाकायचे, पाणी बदलणे थांबवायचे, मासे पोटभर जेवू घालायचे आणि तरीही आकडा चढला नाही तर खत बाहेरून घालायचे. नायट्रेटसाठी पोटॅशियम नायट्रेट वापरतात. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला ते "तेरा-शून्य-पंचेचाळीस" या नावाने ठाऊक असते आणि फॉस्फेटचा त्याचा जोडीदार "शून्य-बावन्न-चौतीस" या नावाने. बागेच्या पोत्यातले मात्र टाकीत घालू नये. त्यात इतर धातूंचे अंश असू शकतात, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचे आणावे. हिशोब सोपा आहे: दोनशे लिटर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घातले की नायट्रेट लिटरमागे सुमारे तीन मिलिग्रॅमने वाढते. नायट्रेट पाच ते दहा आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम यांदरम्यान रोज मोजून टिकवावे लागते. सोबत तीन दिवस टाकी पूर्ण झाकून अंधार केला तर वाढीला खीळ बसते. इतका अंधार प्रवाळ सोसतात.

असे केल्यास केसाळ शेवाळ येणार नाही का, असा प्रश्न येथे हमखास येतो. येईल, आणि या प्रसंगी त्याचे स्वागत करावे. रान कोणीतरी व्यापणारच आहे. विषारी तणाच्या जागी गुरे चरतील असे गवत आले तर तो तोटा नव्हे. माझ्या टाकीत पाचव्या आठवड्यात काचेवर हिरवी झाक आली आणि सातव्या आठवड्यात सकाळची पांढरी वाळू संध्याकाळीही पांढरी राहिली. इतक्या आनंदाने हिरव्या काचेकडे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

चाचणी शून्य दाखवते, मग केस कशावर वाढतात?

ही तक्रार केसाळ शेवाळाच्या बाबतीत वारंवार ऐकू येते. महिनाअखेरीस बँकेच्या खात्यात शिल्लक शून्य दिसली म्हणून पगारच आला नाही असे कोणी म्हणत नाही. तो आला आणि हप्त्यांत गेला. फॉस्फेट पाण्यात उतरताक्षणी शेवाळ ते उचलते, आणि आपली चाचणी फक्त पाण्यात उरलेले मोजते. म्हणजे शून्याचे दोन अर्थ होतात: खत खरोखर नाही, किंवा खत तत्काळ खाल्ले जात आहे. खडकावर हिरवे केस डुलत असतील तर दुसरा अर्थ घ्यावा. तपकिरी तंतू असतील आणि हिरवे काहीच नसेल तर पहिला. रंग जुळवून पाहण्याच्या साध्या संचांत ०.०२ आणि ०.०८ यांतला फरक डोळ्यांना नीट कळतही नाही, म्हणून फॉस्फेटपुरते तरी छोटे अंकदर्शी यंत्र घेणे मी योग्य खर्च मानतो. बाकी अनेक यंत्रांविषयी मला असे म्हणता येणार नाही.

औषध टाकून मोकळे का होऊ नये?

काही बाबतींत होता येते, पण औषध कशावर चालते हे पाहून. सायनोबॅक्टेरिया जिवाणू असल्याने एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक त्यांना मारते आणि दोन-तीन दिवसांत लाल साय नाहीशी होते. डायनोफ्लॅजेलेटवर त्याचा परिणाम होत नाही. उलट स्पर्धक जिवाणू मेल्याने त्यांना मोकळीक मिळते. शिवाय एवढा थर एकदम कुजू लागला की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडत येतात. पाण्यात बुडबुडे सोडणारा हवेचा दगड लावून ठेवल्याशिवाय हे धाडस करू नये, आणि प्रतिजैविक मिसळलेले पाणी गटारात ओतणे जिवाणूंना त्या औषधाची सवय लावते, हाही विचार करावा. माझे मत असे की सायनोसाठी हा शेवटचा उपाय असावा.

ब्रायॉप्सिसची गोष्ट निराळी. बुरशीवर माणसाला दिले जाणारे फ्लुकोनाझोल लिटरमागे सुमारे पाच मिलिग्रॅम, म्हणजे तीस लिटरला १५० मिलिग्रॅमची एक गोळी या हिशोबाने घातले तर दोन-तीन आठवड्यांत ते पिसासारखे शेवाळ फिकट होऊन विरते, असा जगभरच्या छंदिष्टांचा अनुभव आहे. त्या काळात गाळणीतला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी आहे, आणि मेलेल्या शेवाळातून सुटलेले खत पुढच्या तणाच्या तोंडी जाणार नाही अशी तयारी आधी करावी लागते. एखाद्या सुट्या खडकावरच डाग असेल तर खडक बाहेर काढून त्या जागेवर तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड लावून काही मिनिटांनी धुणे पुरते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये: नकोसे झोअँथिड चढलेला खडक उकळत्या पाण्यात टाकणे. त्यांच्यातील पॅलिथोआ जातींत तेच पॅलिटॉक्सिन असते, आणि वाफेतून विष अंगात जाऊन माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

हरळी आणि तिचा भुंगा

काही वाढ चक्क प्राण्यांची असते. एप्टेशिया हा छोट्या ताडाच्या झाडासारखा दिसणारा, तपकिरी, पारदर्शक समुद्रफुलांचा प्रकार खडकाच्या फटीतून डोकावतो आणि शेजारच्या प्रवाळाला डंख मारून हटवतो. पहिला दिसला की चिमट्याने ओढून काढण्याचा मोह होतो. शेतात हरळी कुळवाने तोडली तर प्रत्येक पेरातून नवी फुटते, तसेच येथे होते: पायाचा अगदी बारीक तुकडा खडकाला चिकटून राहिला तरी त्यातून नवा एप्टेशिया उभा राहतो. दोन-चार असतील तर चुन्याच्या निवळीसाठी वापरतात त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजने त्याच्या तोंडावर, तो मिटण्याआधी, सोडावी. शेकडो असतील तर बर्गिया नावाची कवच नसलेली, इंचापेक्षा छोटी समुद्री गोगलगाय उपयोगी पडते. ती एप्टेशियाखेरीज काहीच खात नाही. गाजरगवतावर सोडण्यासाठी १९८० च्या दशकात मेक्सिकोहून भारतात आणलेल्या भुंग्याची आठवण होते. फरक इतका की टाकीतले शेवटचे एप्टेशिया संपले की बर्गिया उपाशी मरते, म्हणून वेळेत दुसऱ्या छंदिष्टाकडे पाठवावी.

शेवाळ खाणाऱ्या शंखांविषयी मात्र अपेक्षा माफक ठेवाव्यात. ते कोवळे शेवाळ चरतात, बोटभर वाढलेल्या केसांना तोंड लावत नाहीत. आधी माणसाने उपटायचे, मग त्यांनी राखायचे, अशी कामाची वाटणी असते.

घरच्या काचेपलीकडे

एवढ्याशा टाकीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण जमैकाच्या किनाऱ्यावर हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झाले. शेवाळ चरणारे मासे तेथे दीर्घकाळ उपसले जात होते, १९८० च्या अ‍ॅलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले आणि १९८३-८४ मध्ये चराईचे उरलेले काम करणारे डायडेमा जातीचे काटेरी सागरी अर्चिन साथीच्या रोगाने जवळजवळ नामशेष झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील तळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता; १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांखाली गेला आणि शेवाळाचे आच्छादन सुमारे चार टक्क्यांवरून नव्वदच्या वर पोहोचले. खत, चराई आणि मोकळी जागा, तिन्ही घटक आपल्या काचेमागचेच.

उलट दिशेनेही धोका आहे. मत्स्यालयांसाठी जोपासलेली कॉलर्पा टॅक्सिफोलिया ही शेवाळाची देखणी जात १९८४ साली मोनॅको येथील सागरी संग्रहालयासमोरच्या समुद्रात आढळली आणि पुढे भूमध्य सागराच्या तळावर हजारो हेक्टर पसरली. २००० साली ती कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या खाजणात सापडली, तेव्हा ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ती मारावी लागली आणि निर्मूलन जाहीर व्हायला २००६ उजाडले. मालवण किंवा अलिबागला सुटीवर जाताना टाकीतले "जास्तीचे" शेवाळ, शंख किंवा खडक समुद्रात सोडून येणे काहींना पुण्याचे काम वाटते. टाकीतून काढलेले शेवाळ वर्तमानपत्रावर पसरून गॅलरीच्या उन्हात चार दिवस कडकडीत वाळवावे आणि कचऱ्याच्या गाडीत द्यावे. टाकीचे पाणी घरातल्याच मोरीत ओतावे, पावसाच्या पाण्याच्या गटारात नव्हे, कारण त्या गटाराची दुसरी बाजू बहुधा खाडीत उघडते.